अठ्ठेचाळीस मापाची अक्षरं

गोर्नो पोले, २ मार्च २०१२

चि. रालीस अनेक आशीर्वाद.

सोबत लाल-पांढरा दोरा आहे. खरं तर काल, एक तारखेलाच तुझ्या मनगटावर असायला हवा होता, पण आपल्या पोस्टातल्या बाईंना वसंत ऋतू आपल्या सोयीनं येतो असं वाटतं. बांध, आणि करकोचा दिसला की काढून फुललेल्या झाडाला बांध. तुम्ही सोफियावाले पहिलं फुललेलं झाड बघून दोरा काढून मोकळे होता, ते मला ठाऊक आहे. आपल्या घरात ते चालत नाही. करकोचाच लागतो, आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा लागतो. मार्च आणणाऱ्या मार्ताआजीशी लबाडी करायची नसते, नाहीतर ती मार्चभर बर्फ पाडत बसते.

आता कामाचं. वाचनगृहाला कुठल्याशा योजनेतून कॉम्प्युटर मिळाला आहे. मोठ्या कौतुकानं मी तो खिडकीशी मांडला, वर लेसचा रुमाल घातला. पण त्याच्यावरची अक्षरं म्हणजे सांडलेली खसखस. आमच्याकडे येणारे सगळे पेन्शनीतले. गेंचोचंच बघ, तो रेल्वेतला गार्ड, जो रोज शेगडीजवळ बसून पेपर वाचतो. बिचाऱ्याला स्क्रीनवर काही म्हणता काही दिसत नाही. तुझे बाबा म्हणायचे, अक्षरं आखून कुणाचं पोट भरतं का? तुझं भरतं ना? मग आत्याच्या म्हाताऱ्यांसाठी मोठी अक्षरं पाठव.

उत्तर कागदावर लिही, ई-मेल नको. आणि घरगुती भानगडी लिहू नकोस, पत्र गेंचोही वाचतो.

तुझी
इस्क्राआत्या


सोफिया, १२ मार्च

प्रिय आत्या,

दोरा बांधला. ऑफिसात सगळ्यांचे दोरे दुकानातले, चमकीचे. माझाच तेवढा लोकरीचा, म्हणून मी जरा भाव खाऊन घेतला.

पुड्यात एक सीडी आहे. तिच्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, एक छोटा प्रोग्राम. कॉम्प्युटर स्वतःच्या अक्षरांना सहसा कुणाला हात लावू देत नाही, म्हणजे मेनूंची, खिडक्यांच्या मथळ्यांची, बटणांवरची अक्षरं. हा प्रोग्राम लावू देतो. डावीकडे कुठली अक्षरं बदलायची ते निवड, उजवीकडे फॉन्ट आणि माप, आणि खाली 'बदला' म्हणून बटण आहे ते दाब. इतकंच.

दुसरी गोष्ट म्हणजे माझा फॉन्ट. हा कुणी सांगून केलेला नाही, रविवारचा उद्योग आहे. कॉम्प्युटरबरोबर येणारी अक्षरं आपलीच लिपी वापरणाऱ्या थोरल्या देशाच्या वळणाची असतात. शाळेत आपल्या हाताला जे वळण लावतात ते त्यांच्यात नसतं. माझ्या अक्षरांना ते आहे, पोटं मोकळी आहेत, म्हाताऱ्या डोळ्यांना बरी वाटतील. फक्त एक अक्षर राहिलंय, 'थोरला एर'. कितीदा आखलं तरी मनासारखं होत नाही. तो जिथे येईल तिथे रिकामा चौकोन दिसेल, आणि तो आपल्या देशाच्या नावातच येतो, त्याला मी काय करू?

दोन गोष्टी पाळ. सुरू करण्याआधी 'जुनं जपून ठेवा' हे बटण दाब. आणि माप सोळाच्या वर नेऊ नकोस.

गेंचोकाकांना नमस्कार. त्यांना म्हणावं, चष्मा बदला.

तुझी राली


गोर्नो पोले, २९ मार्च

चि. रालीस,

विजय झाला, पण सरळ नाही झाला.

प्रोग्राम उघडल्यावर फॉन्टांची ही लांब यादी आली. त्यातलं एक नाव मला भारदस्त वाटलं, म्हणून ते निवडून मी 'बदला' दाबलं. बघते तर सगळा कॉम्प्युटर जुन्या पोथीच्या अक्षरात. कचऱ्याची टोपलीसुद्धा शुभवर्तमानासारखी दिसू लागली. नेमके तेव्हाच अध्यक्ष पेत्कानोव्ह आत आले. तू त्यांना ओळखत नाहीस, जंगल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, गेल्या वर्षी वाचनगृहाच्या मंडळाचे अध्यक्ष झाले. झाडं तोडायला बंदी घालून घालून त्यांच्या चेहऱ्यालाच ती सवय लागली आहे. स्क्रीनकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मागून आमचे पाद्री स्पास आले, त्यांना मात्र फार आवडलं. असंच राहू द्या म्हणाले.

मग तुझी अक्षरं लावली. राली, गोड आहेत गं. शाळेतल्या फळ्यावर कुणी सावकाश लिहिल्यासारखी. चौकोनांचं म्हणशील तर गेंचोनं विचारलं की इथे खूण कुणी करायची, आणि कुठल्या निवडणुकीसाठी.

सोळा आमच्या लोकांना पुरेना, म्हणून चोवीस केलंय. परवा तीस करीन म्हणते.

एक कटकट आहे. तीन मार्चला, मुक्तिदिनी, स्मारकापाशी हुतात्म्यांची नावं मी वाचते, दरवर्षीचंच. यंदा वाऱ्यानं कागद फडफडत होता, दोन-चार नावं सुटली. तेवढ्यावरून पेत्कानोव्ह म्हणाले की चोवीस मेला, अक्षरांच्या सणाला, मुलांची नावं त्यांची सून वाचेल, तुम्ही जरा आराम करा. आराम! पहिलीची मुलं हातात फुलांनी मढवलेली अक्षरं घेऊन पायऱ्यांवर उभी असतात आणि मी एकेकाचं नाव पुकारते, हे गावात इतकी वर्षं चालत आलंय की मी पुकारलेली पोरं आता स्वतःची पोरं घेऊन येतात. मी नाही म्हटलं. वाचीन ती मीच. ते नाव पुकारणं सुटलं तर मग मी वाचनगृहातली नुसती झाडूवाली.

आत्या


सोफिया, ९ एप्रिल

प्रिय आत्या,

तीस? आत्या, तीस मापाच्या अक्षरांत आम्ही दुकानाच्या पाट्या करतो. गेंचोकाकांचे डोळे खरंच इतके गेले? मग ते पेपर कसा वाचतात? आणि गाडी धडकवल्याशिवाय निवृत्त कसे झाले?

एक सांगू का, रागावू नकोस. तुझ्या पत्रातल्या ओळी हल्ली उतारावरून खाली घसरतात. पूर्वी तुझं अक्षर पट्टी लावल्यासारखं असायचं, मी त्याच्यावरूनच शिकले. बरी आहेस ना?

ईस्टरला यायला जमणार नाही, काम गळ्यापर्यंत आलंय. गोड पाव पाठव, माझ्या वाटची लाल अंडी तूच फोड. आणि माप वाढवू नकोस. अक्षरं मोठी झाली की खिडक्याही मोठ्या होतात, आणि स्क्रीन काही वाढत नाही.

राली


गोर्नो पोले, ७ मे

चि. रालीस,

काल संत गेओर्गीचा दिवस झाला. कोकरू पेत्कानोव्हांच्या अंगणात भाजलं. मलाही बोलावलं होतं, मी गेले आणि एक अक्षर बोलले नाही. कोकरू चांगलं होतं, हे मात्र कबूल करायला हवं.

आता बातमी. कॉम्प्युटर बंद पडलाय. म्हणजे चालू आहे, पण उपयोगाचा नाही. मी माप अठ्ठेचाळीस केलं. 'बदला' दाबल्याबरोबर एकेक शब्द आगगाडीच्या डब्याएवढा झाला. स्क्रीनवर एका वेळी एकच शब्द मावतो, तोही अर्धा. परत लहान करावं म्हणून तुझा प्रोग्राम उघडला, तर त्याची खिडकी इतकी लांब झाली की 'बदला' हे बटण स्क्रीनच्या खाली कुठेतरी गेलंय. लहान करायला बटण हवं आणि बटण दिसायला आधी लहान करायला हवं. मी टेबलाखाली वाकूनसुद्धा बघितलं, इतकं डोकं फिरलं होतं. 'जुनं जपून ठेवा' दाबलं होतंस का, असं विचारू नकोस.

मुलांच्या नावांची यादी मी त्याच्यातच टाइप करून ठेवली आहे. छापायचं बटणही स्क्रीनबाहेर. पेत्कानोव्ह येऊन बघून गेले. म्हणाले, "बाई, आणखी किती मोठं करणार आहात?" मी म्हटलं, लोकांची गरज आहे. त्यावर त्यांनी नुसता सुस्कारा सोडला. माणूस तोंडावर ओरडला तर परवडतो.

तुझा दोरा काढलास का? माझा अजून हातावरच आहे, लाल रंग साबणानं गुलाबी झालाय. छपरावर दिवसभर चोचींचा खडखडाट चालतो, शिंप्याच्या मशीनसारखा, पण स्वारीनं काही मला अजून दर्शन दिलेलं नाही. यंदा फार भाव खातोय.

लवकर उपाय कळव. चोवीस मे जवळ आला.

आत्या


सोफिया, १० मे

आत्या,

हे पत्र मी पाट्या रंगवायच्या जाड मार्करनं लिहितेय. एका कागदावर चार ओळी मावतात. कितीही कागद लागू देत.

आधी कॉम्प्युटर. कीबोर्डवर 'ऑल्ट' दाबून ठेव आणि त्याच्याच खालची लांब पट्टी दाब. छोटा मेनू येईल. त्यात 'हलवा' निवड. मग वरच्या बाणाचं बटण दाबत राहा. खिडकी वर सरकेल, बटण दिसेल. माप सोळा कर.

आता दुसरं.

करकोच्याचं घरटं वाचनगृहाच्याच छपरावर आहे. तुझ्या घराच्या खिडकीतून दिसतं. मी लहानपणी तिथे उभी राहून पिल्लं मोजायचे. करकोचे मार्चअखेरीस येतात. तो तिथे महिनाभर उभा आहे आणि तुला फक्त ऐकू येतो.

मोठी अक्षरं गेंचोकाकांना नकोत. तुला हवीत.

आत्या, तुला दिसत नाही.

कधीपासून? डॉक्टरांना दाखवलंस का? मी पुढच्या शनिवारी येते.

राली


गोर्नो पोले, १४ मे

राली,

शनिवारी येऊ नकोस. मी दारच उघडणार नाही.

खिडकी वर सरकली. बटण दिसलं. यादी छापली, एक प्रत सोबत आहे. उपकार झाले.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर चिडले होते. पेत्कानोव्हांना, पाद्र्यांना, डॉक्टरांना, सगळ्यांना मी थापा मारल्या आणि त्या पचल्या. एका करकोच्यानं घात केला. तुला वाटेल की खोटं सांगून दोरा काढून टाकला असता तर काय बिघडलं असतं. नाही जमलं. एवढं एक खोटं राहूनच गेलं.

गेल्या शरदापासून आहे. आधी धुकं असल्यासारखं, मग काचेला पीठ लावल्यासारखं. प्लोव्हदिव्हच्या डॉक्टरांनी जानेवारीत सांगितलं, मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे, पिकलाय, काढून टाका. मी होय म्हटलं आणि घरी येऊन चिठ्ठी शेगडीत टाकली.

तुझ्या आजीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शाळेत होते. तिला उताणी निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या, हलायचं नाही म्हणून. डोळ्यांवर पट्ट्या. कितीतरी दिवस मी तिला चमच्यानं दही भरवत होते आणि चमचा कुठे आहे हे तिला कळत नव्हतं. पट्ट्या काढल्यावर तिला माझा आकार दिसायचा. मी दिसत नव्हते. मेली तोपर्यंत नव्हते दिसत. मला भीती वाटते, राली. आता जे पिठातून दिसतंय तेवढंतरी आहे. तेही गेलं तर?

तुझ्या अक्षरांनी माझे दोन महिने निभावले. आता एवढंच कर, चोवीस मे होऊ दे. मला ती नावं वाचू दे. नंतर तू म्हणशील तिथे येईन.

आत्या


सोफिया, १८ मे

आत्या,

हेही मार्करनं.

माझं मलाच वाईट वाटतंय. तू पळत होतीस आणि मी तुला पळायला रस्ता आखून देत होते, वर तो रुंदही करत होते. आता माप वाढवणार नाही.

फक्त एकदा. पुड्यात जाड कागद आहेत, एका कागदावर एकच नाव. माझ्याच फॉन्टमध्ये, माप मी सांगत नाही, लाज वाटते. थोरला एर पुरा केला, या मुलांसाठी. एकाही नावात चौकोन नाही.

बदल्यात पाच जून. प्लोव्हदिव्हला वेळ ठरवली आहे. डॉक्टरांशी बोलले. वाळूच्या पिशव्या आता नसतात. त्याच दिवशी घरी सोडतात. भीती वाटली तर वाटू दे, मी हात धरून बसेन. चिठ्ठी यावेळी माझ्याकडे आहे. आमच्या घरात शेगडी नाही.

राली


गोर्नो पोले, २६ मे

चि. रालीस,

ऐक काय झालं ते.

कागद घेऊन मी पायऱ्यांवर चढले. घरात मी ते सगळे वाचून पाहिले होते, एकही चुकला नव्हता. पण सकाळचं ऊन होतं. पहिला कागद वर धरला आणि पांढऱ्या कागदावर ते ऊन असं पडलं की डोळ्यांपुढे नुसतं दूध. नाव नाही, अक्षर नाही. वाकडा धरला, जवळ घेतला, काही नाही. बँड थांबला. खाली सगळं गाव. पेत्कानोव्हांची सून पहिल्या रांगेत, हातात तिची यादी तयार.

मी मनात दुसरी थाप शोधत होते, राली. वारा नव्हता, नाहीतर तोच चालवला असता. आणि मग एकदम कंटाळा आला. इतका कंटाळा की काय सांगू. मी कागद खाली ठेवले आणि माइकमध्ये म्हटलं, "मंडळी, मला दिसत नाही. गेल्या वर्षापासून दिसत नाही. मुलांनो, एकेक जण इथे या आणि आपलं नाव आपणच सांगा. मोठ्यानं सांगा, मला ऐकू चांगलं येतं."

कुणी हसलं नाही. मुलं आली. काहींनी एवढ्या जोरात नाव सांगितलं की माइक शिट्टी वाजवू लागला. मी मागोमाग तेच नाव पुकारत होते, म्हणजे पुकारलं मीच. दिमोव्हांच्या धाकटीनं आपलं पेओनीच्या फुलांचं अक्षर माझ्या हातात दिलं. मी बोटं फिरवली. एक काठी, पुढे आलेलं पोट, वर डावीकडे एक शेंडी. तुझा थोरला एर. तिला तेच अक्षर आलं होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

उतरताना कुणीतरी माझा दंड धरला. पेत्कानोव्ह होते. ते काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिते. "बाई, माझ्याही दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, तीन वर्षं झाली. तीन मार्चला तुम्हाला कागद वाकडा धरताना पाहिलं तेव्हाच कळलं, मीही तसाच धरायचो. पण तुम्हाला सांगणार कसं? तुम्ही मला बोलूच देत नाही." सुनेला वाचायला सांगितलं ते मला दूर सारायला नाही, चारचौघांत फजिती होऊ नये म्हणून. आणि मी त्यांचं कोकरू खाऊन गप्प बसले.

पाच तारखेला ते मला आपल्या गाडीतून प्लोव्हदिव्हला आणतात. तू हॉस्पिटलच्या दारात उभी राहा, लाल काहीतरी घाल, म्हणजे मला सापडशील.

आत्या


गोर्नो पोले, २८ जून

चि. रालीस अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या डोळ्याचं दडपण आता नाही, सप्टेंबरात उरकून टाकू. एका डोळ्याचंच एवढं दिसतंय की पुरे झालं. माझं स्वयंपाकघर इतकं मळलेलं होतं आणि तुम्ही सगळे तिथे बसून जेवत होतात, कुणी एक शब्द काढला नाही. पेत्कानोव्हांच्या नाकावर चामखीळ आहे. गेंचोचे केस पांढरे झालेत, मला वाटत होतं अजून करडे आहेत.

गेंचोचं एक कबूल करायचं राहिलंय. त्याचे डोळे ठणठणीत आहेत. मार्च-एप्रिलमधली तुझी पत्रं त्यानंच मला वाचून दाखवली. 'चष्मा बदला', 'गाडी धडकवल्याशिवाय निवृत्त कसे झाले', हे सगळं त्यानं शेगडीजवळ बसून मोठ्यानं वाचलं, आणि घडी घालून पत्र मला परत दिलं. माझ्यासाठी आंधळा ठरला आणि ब्र काढला नाही. पुढच्या खेपेला आलीस की त्याला एक चांगली बाटली आण. मार्करनं लिहिलेली दोन मात्र माझी मी वाचली होती. पहिलं त्यानं वाचलं असतं तर मी ते कानाआड केलं असतं.

कॉम्प्युटरवर आता माप बारा आहे. यंत्राची जुनी अक्षरंही यादीतून परत निवडता आली असती, पण तुझीच ठेवली आहेत. आता नीट दिसतात म्हणून सांगते, थोरला एर जरा जास्तच पोट सुटलेला आहे, कमी कर.

आणि तो दोरा. हॉस्पिटलात नर्स काढायला निघाली होती, मी तिला हात लावू दिला नाही. घरी आल्यावर ज्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली त्या संध्याकाळी खिडकीत उभी राहिले. राली, तो घरट्यात उभा होता, एका पायावर, पंख काळे, चोच लाल, आणि त्याच्या पायाशी तीन पिल्लं माना वर करून. तू मोजायचीस तशी मीही मोजली. परत मोजली. मग खाली जाऊन दोरा वाचनगृहासमोरच्या लिंडनच्या झाडाला बांधला. ते नुकतंच फुललं होतं. येणारेजाणारे बघत होते, जून लागला आणि ही बाई मार्चचा दोरा बांधतेय. मी म्हटलं, आमच्याकडे करकोचा आत्ताच आला.

पुढचं पत्र बारीक अक्षरात लिहिलंस तरी चालेल.

तुझी
इस्क्राआत्या